फांदीच्या वरचं लाकूड

सर दगड चाटायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या कॉलेजात त्यांच्याबद्दल कुणालाही विचारलंत तर सगळ्यात आधी हेच सांगतील. ओल्या दगडाची वीण कोरड्यापेक्षा स्पष्ट दिसते आणि हाताशी पाणी नसलं तरी जीभ असतेच, एवढं साधं कारण होतं त्यामागे. पण भिवंडीच्या धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा असलेला, कडक इस्त्रीच्या शर्टातला पन्नाशीचा माणूस खिशातून दगड काढतो, चाटतो, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेल्या भिंगातून बघतो आणि परत खिशात टाकतो, तेव्हा बघणाऱ्याला हे कारण कोण समजावणार? एका रिक्षावाल्याने मला विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या सरांचं ठीक हाय ना सगळं?" मी म्हटलं, ठीक आहे. तो म्हणाला, "मग नमक कम पडता होगा बेचारे को."

मी त्यांची विद्यार्थिनी होते आणि नंतर त्याच वनस्पतिशास्त्र विभागात त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले. शिकवायला लागले म्हणजे तासिकेवर. जेवढे तास घ्याल तेवढे आपले, एप्रिल आला की घरी बसा, जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज. अशी नऊ वर्षं काढली. आता मागे वळून त्या वर्षांकडे बघायचं म्हटलं तरी दमायला होतं.

सर एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं, का नाही ते कुणी विचारलं नव्हतं. खोली एका पॉवरलूमच्या कारखान्याच्या वर. खाली चोवीस लूम एकदम चालायचे आणि वर टेबलावरचा चहाचा कप थरथरत बशीभर फिरायचा. नवीन माणसाला तिथे पाच मिनिटं बसवत नसे. सरांचं उलटं. लूम चालू असताना ते दुपारची गाढ झोप काढायचे आणि लाइट जाऊन लूम थांबले की दचकून उठायचे. "काय झालं?" म्हणत जिन्यात येऊन उभे राहायचे. खालचे कारीगर हसायचे, "कुछ नहीं सर, लाइट गया. सो जाओ." पण लाइट येईपर्यंत ते झोपत नसत.

त्यांना उपमा चालत नसत. प्रॅक्टिकलच्या वहीत कुणी 'पेशी विटांसारख्या दिसतात' असं लिहिलं की विटांसारख्या खोडून वर लिहायचे, 'किती बाजू मोजल्या?' त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "दिसलं तेवढं लिही." एखाद्याने "पण सर, पुस्तकात तर..." असं सुरू केलं की म्हणायचे, "पुस्तक लिहिणाऱ्याला दिसलं असेल. तुला दिसलं का?" मुलं कंटाळायची. मीही कंटाळायचे. असल्या माणसाबरोबर रोज काम करणं हा काही आनंदाचा भाग नसतो.

एका वर्षी ते झाडांमधली संप्रेरकं शिकवत होते. झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन तयार होतं, ते खोडातून खाली उतरत जातं, आणि शेंडा शाबूत आहे तोवर बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, दबून राहावं लागतं. वर्गात गणेशपुरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून येणारी मुलगी होती. सकाळची पहिली एसटी पकडून यायची आणि बहुतेक वेळ डुलक्या काढायची. ती उठून म्हणाली, "सर, तुळशीचा शेंडा खुडला का ती बाजूनं फुटते, ह्ये माझ्या आयला बी ठावं हाय."

दुसरा कुणी असता तर "छान, बस" म्हणाला असता. सर म्हणाले, "आईला आणखी काय काय माहीत आहे?"

आणि पुढच्याच रविवारी खरोखरच तिच्या पाड्यावर निघाले. सोबत मला घेतलं, कारण तासिकेवरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. अकलोलीच्या फाट्यावर उतरून आम्ही उन्हातून दीड तास चाललो. मुलीच्या आईला मास्तर घरी आले म्हणून इतका संकोच झाला की ती बाहेरच येईना. तिचे सासरे मात्र अंगणात लाकडं फोडत होते. सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि बघत राहिले. म्हाताऱ्याने खोडाचा एक तुकडा उचलला, फांदी फुटली होती ती बाजू निरखली आणि तो तुकडा उलटा करून ठेवला.

"उलटा का केलात?" सरांनी विचारलं.

"फांदीच्या वरल्या अंगानं घाव घालायचा न्हाय," म्हातारा म्हणाला. "तिथं लाकूड घुमलेलं असतं. कुऱ्हाड अडकते. खालून घातला का सरळ जातो."

"घुमलेलं म्हणजे?"

म्हाताऱ्याने बोटाने हवेत एक वर्तुळ काढलं. "आसं. वरनं सरळ येतं आन फांदीपाशी घुमतं. समद्या झाडांचं आसंच हाय, मास्तर."

परतीच्या बसमध्ये बसल्यावर सर माझ्याकडे वळून सांगू लागले. वरून उतरणारं ऑक्सिन खोडातल्या पेशींना रांगेने लावत येतं. मधे फांदीचं बूड आडवं आलं की त्याची वाट अडते आणि ते तिथल्या तिथे फिरतं. मग त्या जागी तयार होणाऱ्या, पाणी वाहून नेणाऱ्या पेशीही गोल फिरलेल्या असतात. ऑक्सिन पुढे नाहीसं होतं. पेशींचं वळण लाकडात राहतं.

"आणि लाकडाचा दगड झाला तर?" असं त्यांनी स्वतःलाच विचारलं.

त्यानंतरची तीन वर्षं त्यांनी त्या एका प्रश्नात घातली. विभागाच्या कपाटात जीवाश्म लाकडाचे दहा-बारा तुकडे होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडली गेलेली, पेशी न् पेशी दगड झालेली लाकडं. त्यातल्या एकालाही फांदी नव्हती. सरांना हवं होतं फांदीसकटचं खोड, तेही फांदीच्या वरचा भाग शाबूत असलेलं. असा दगड कुठून आणायचा?

तो मिळाला त्यांच्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून, एका जुन्या कारखान्यात. मालक कोकणी मुसलमान होते, सत्तरीच्या पुढचे, चार पिढ्या भिवंडीतच. सर त्यांच्याकडे खिडकीच्या पडद्यासाठी कापडाचा तुकडा मागायला गेले होते. लूमवर उभ्या धाग्यांचा मोठा रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. धागे ताणलेले राहावेत म्हणून त्या बीमला वजन टांगतात. सगळीकडे लोखंडाचं वजन असतं. या कारखान्यातल्या कोपऱ्यातल्या लूमला तारेने बांधलेला एक दगड लटकत होता. काळपट तपकिरी, मनगटापेक्षा जाड, आणि त्याच्या अंगातून अंगठ्याएवढा खुंट बाहेर आलेला. तार त्या खुंटात अडकवली होती, म्हणून ती कधी घसरली नव्हती.

सर मला बोलवायला धावत कॉलेजात आले. आम्ही गेलो तेव्हा लूम चालू होता. सर त्या फिरत्या यंत्राखाली आडवे झाले आणि त्यांनी दगड चाटला. लूमवरचा कारीगर इतका घाबरला की त्याने पट्टाच उतरवून लूम थांबवला.

"ये क्या कर रहे हो सर? हात जाएगा!"

मालक बाहेर आले. सरांनी उठून कपडे झटकले आणि सरळ सांगितलं, "हा दगड मला द्या."

"घ्या की. दगडच तर आहे," मालक म्हणाले. "पण बदल्यात तेवढ्याच वजनाचं लोखंड आणून लावा. ताण कमी झाला तर कापडात पट्टा पडतो. व्यापारी माल परत पाठवतो."

सर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून लोखंड घेऊन आले. तराजूत दगड आणि लोखंड समोरासमोर ठेवून, खिळे टाकत, काढत, त्यांनी वजन जुळवलं. मालक स्टुलावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, इतकं तर आम्ही मुलीच्या लग्नात सोनं नाही तोलत."

"हा तुमच्याकडे आला कुठून?" सरांनी विचारलं.

"माझ्या आजोबांच्या वेळेपासून लटकतोय. कुठून आला, अल्लाह जाने."

तेव्हा सरांनी मान हलवली आणि दगड उचलला. त्या उत्तराची किंमत आम्हाला पुढे कळली.

नाक्याजवळच्या मार्बल कापणाऱ्याने तो दगड खुंटाच्या बरोबर वर, सालीला समांतर कापून दिला. कापताना तो विचारत होता, "ये लकड़ी है कि पत्थर?" सर म्हणाले, "पहले लकड़ी था. अब पत्थर है." तो काप काचेवर चिकटवून सर घासत बसले. पाणी, घासायची पूड आणि हात, बाकी काही नाही. कॉलेजात यंत्र नव्हतं. काप इतका पातळ करायचा की त्यातून खालची छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत. पहिला काप सहा आठवडे घासल्यावर तुटला. त्या दिवशी सरांनी तुकडे एका पाकिटात भरले, वर 'तुटला' असं लिहिलं आणि दुसरा घासायला घेतला.

दुसरा टिकला. एका दुपारी माझा तास चालू असताना ते दारात येऊन उभे राहिले. वर्गात पाऊल न टाकता म्हणाले, "ये."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशींच्या उभ्या रांगा वरून सरळ येत होत्या. खाली येता येता त्या कलत गेल्या, आणि फांदीच्या बरोबर वर एक पेशी स्वतःभोवती वळून बंद झाली होती. तिच्या आत आणखी एक, तिच्याही आत एक.

"भोवरा," मी म्हटलं.

"भोवरा नाही. वर्तुळाकार पेशी. तीन," सर म्हणाले. त्या झाडाच्या शेंड्यातून निघालेलं काहीतरी या जागी येऊन अडलं होतं आणि फिरलं होतं. त्या रसायनाचा कणही आता कुठे नव्हता. त्याने काय केलं तेवढं समोर होतं. सरांनी मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले आणि संध्याकाळी शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत उठले नाहीत.

"जगात हे आधी कुणीतरी पाहिलंय, याहून कितीतरी जुन्या लाकडात," ते जाताना म्हणाले. "पण आपल्याकडच्या लाकडात, या जातीच्या झाडात, बहुतेक नाही."

आपल्याकडच्या म्हणजे कुठल्या? तिथेच सगळं अडलं. दगड कुठल्या थरातून निघाला हे माहीत नसेल तर त्याचं वय सांगता येत नाही, आणि वय नसेल तर त्या तीन वर्तुळांचं करायचं काय? सरांनी कारखान्याच्या मालकांचे सगळे नातेवाईक गाठले. जुने ट्रकवाले, खाणवाले, आजोबांच्या वेळचा एक मुनीम, जो आता कुणालाच ओळखत नव्हता, त्याच्याही उशाशी बसून आले. एका मे महिन्यात विदर्भात जाऊन, जिथे जिथे असली लाकडं सापडतात तिथले नमुने पिशवीभर आणले, उन्हाने आजारी पडले आणि उठल्यावर ते सगळे घासले. एकाचीही वीण जुळली नाही.

त्याच वर्षी विभागात एक कायम जागा निघाली. मला ती हवी होती. हवी होती म्हणजे काय, नवऱ्याची कंपनी बंद पडून दीड वर्ष झालं होतं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि मी सदतीस वर्षांची झाले होते. मुलाखतीला जायचं तर छापलेला एक तरी शोधनिबंध हवा, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मी निबंध लिहिला. त्या तीन वर्तुळांवर, दोघांच्या नावाने. चित्रं सरांची, मापं सरांची, सगळं खरं. फक्त जिथे स्थळ लिहायचं असतं तिथे मी विदर्भातल्या एका नदीचं नाव टाकलं. नाही तरी तिकडूनच आला असणार, असं स्वतःला समजावलं. सरांना न दाखवता निबंध पाठवला. चार महिन्यांनी स्वीकारल्याचं पत्र आलं, तेव्हा पेढ्यांसोबत तो सरांसमोर ठेवला.

सरांनी उभ्यानेच वाचला. स्थळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कुणी पाहिलं?"

"सर, तिकडेच मिळतात असले दगड."

"मिळतात. हा तिथे मिळाला का?"

"कोण जाणार आहे तपासायला?"

"तेच म्हणतो. कोणी जाणार नाही. कुणीतरी हे वाचून पुढे लिहील, त्यावर आणखी कुणी लिहील."

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुम्हाला पेन्शन आहे, मागे कुणी नाही, तुम्हाला खरं बोलणं परवडतं. नऊ वर्षं मी इथे झिजतेय ते तुम्हाला भिंगातून दिसलं नाही का? माझं बोलून झाल्यावर सरांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि निघून गेले. पेढ्याचा पुडा तसाच राहिला.

आठवड्याभरात निबंध मागे घेतल्याचं कळलं. सरांनी संपादकांना पत्र लिहिलं होतं. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. त्यांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. ते पाच महिने आम्ही एका खोलीत, एकमेकांकडे पाठ करून काढले. निरोप समारंभाला मी डोकेदुखीचं कारण सांगून गेले नाही.

नवल म्हणजे जागा मला मिळाली. मुलाखतीनंतर प्राचार्य म्हणाले, "त्या निबंधाच्या प्रकरणात तुमचा दोष नव्हता, आम्हाला कल्पना आहे." मला वाटलं, दया दाखवताहेत. निवृत्तीनंतर सर प्रयोगशाळेत येऊन काम करणार असं आधी ठरलं होतं, पण ते कधीच आले नाहीत. मला वाटलं, अहंकार. भिवंडी सोडून ते अकलोलीला पुतणीकडे राहायला गेले, एवढं कानावर आलं. अकरा वर्षं मी चौकशी केली नाही.

गेल्या वर्षी मी विभागप्रमुख झाले आणि कार्यालयाने जुन्या फायली स्कॅन करायला मागितल्या. त्यात सरांच्या पत्राची प्रत निघाली. एक प्रत संपादकांना गेली होती, एक प्राचार्यांना. सरांचं ठसठशीत, सुटं अक्षर:

'नमुन्याच्या स्थळाची नोंद चुकीची आहे. ती मी तोंडी सांगितली होती. माझ्या कनिष्ठ सहकारी महिलेने माझ्यावर विश्वास ठेवून तशी लिहिली. दोष सर्वस्वी माझा आहे.'

त्याच्या मागे टाचणीने लावलेला प्राचार्यांचा आदेश होता. नमुन्यांच्या नोंदीत गैरप्रकार केल्याचं प्राध्यापकांनी लेखी मान्य केल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना प्रयोगशाळा वापरण्याची परवानगी देता येत नाही.

मी ते दोन्ही कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. बाहेर प्रॅक्टिकलची मुलं दारात येऊन परत गेली.

शनिवारी अकलोलीला गेले. पुतणीचं घर रस्त्याला लागूनच होतं. सर पडवीत खाटेवर बसून तांदूळ निवडत होते. खूप बारीक झाले होते. ऐकू कमी येत होतं, पण मला लगेच ओळखलं. इतक्या वर्षांनी का आलीस असं काही विचारलं नाही, खाटेवर सरकून जागा केली. मी पत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी वाचलं आणि परत दिलं.

"खोटं का लिहिलंत, सर?" मी मोठ्याने विचारलं. शेजारच्या अंगणातल्या बाईने वळून बघितलं.

ते ताटातले खडे बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "दगडाबद्दल नाही लिहिलं खोटं."

"पण स्वतःबद्दल लिहिलंत. तुमची प्रयोगशाळा गेली."

"मला दिसायचं ते दिसून झालं होतं. दगडाला काय, त्याला थोडंच घर चालवायचं होतं. तुला होतं." त्यांनी हात झटकले. "तू म्हणालीस ते बरोबर होतं. नऊ वर्षं मला दिसलं नव्हतं."

मी म्हटलं, "मी आता खरं काय ते लिहून देते."

"दे. नाही तर नको देऊस. कोण वाचणार?" ते म्हणाले. आणि मग, वर्गात विचारायचे तसं, थेट डोळ्यांत बघून विचारलं, "तुझ्याकडे तासिकेवर किती जण आहेत?"

"दोघी."

"किती वर्षं झाली?"

"एकीला सहा. दुसरीला... आठ असतील."

"असतील म्हणजे? मोजली नाहीस?"

त्या दोघींनी कायम करण्यासाठी केलेले अर्ज तीन आठवडे माझ्या टेबलावर पडले होते. शिफारस लिहायला वेळ झाला नव्हता. खरं म्हणजे वेळ होता, कंटाळा आला होता. वर पाठवून काही होत नाही, हे मला अनुभवाने पक्कं माहीत होतं. हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं, आणि आम्ही दोघं पुतणी येईपर्यंत तांदूळ निवडत बसलो.

सोमवारी मी आताच्या प्राचार्यांना सगळं खरं सांगितलं. ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "जुनं आहे हो मॅडम, जाऊ द्या." मी लेखी दिलं, त्यांनी ते ट्रेमध्ये ठेवलं. अजून तिथेच असेल.

मग विभागात येऊन दोघींना बोलावलं. काहीतरी चुकलं असं वाटून त्या दाराशीच उभ्या राहिल्या. मी खुर्च्या पुढे ओढल्या, अर्ज उघडले आणि पहिलीला विचारलं, "बस. कुठल्या वर्षी लागलीस, ते आधी सांग."